नळीला मानवेल तो छर्रा

दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. नऊचं वर्तुळ साडेपाच मिलिमीटर व्यासाचं, आणि तिथून बाहेर प्रत्येक वर्तुळ पाच-पाच मिलिमीटरने वाढत जातं. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर गुण दशांशात पडतात, १०.९ पर्यंत, आणि यातला एकेक दशांश म्हणजे केंद्रापासून फक्त पाव मिलिमीटर. १०.५ आणि १०.४ यांच्यातलं अंतर एवढंच. माझी सगळी नोकरी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, टूलरूमच्या तपासणी विभागात गेली. शंभरावा भाग मिलिमीटर ही माझी रोजची भाषा. त्यामुळे हे आकडे पहिल्यांदा कानावर पडले तेव्हा मनात लगेच प्रश्न आला: छर्रा स्वतः किती खरा असतो?

रेंजवर मी पोचलो पुतणीमुळे. २०२२ मध्ये ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने कैरोत दहा मीटर एअर रायफलचं जागतिक विजेतेपद मिळवलं, आणि आमच्या भागातल्या कितीतरी मुलामुलींप्रमाणे तिनेही हट्ट धरला. तिला घोडबंदर रोडच्या रेंजवर सोडायला-आणायला जाता जाता मी काचेबाहेर बसायचो. "काका, नुसते बसता कशाला, एक लेन रिकामीच आहे," असं तीच म्हणाली. सरांनी क्लबची रायफल हातात दिली, जॅकेट न घालताच टेबलावर टेकवून थोडे शॉट मारायला लावले, आणि त्या दिवसापासून मी या खेळात आहे.

परवान्याबद्दल सगळे विचारतात, म्हणून तेवढं सांगतो. ४.५ मिलिमीटर व्यासाची आणि २० जूलच्या आतली एअर रायफल असेल तर शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही. खेळातली मॅच रायफल ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने सोडते. गणित केलं तर पावणेआठ जूलच्या आसपास येतं, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. पण परवाना लागत नाही म्हणून ते खेळणं होत नाही. आमच्या रेंजवर नळीचं तोंड टार्गेटकडून जरा वळलं तरी सर सराव थांबवतात, आणि ते बरोबरच करतात.

सुरुवातीला क्लबचेच छर्रे मिळतात. एका मोठ्या डब्यात ओतलेले, त्यातून मूठभर घ्यायचे. स्वतःची रायफल आली, जुनी फाइनवेर्कबाउ ७००, तेव्हा छर्रेही स्वतःचे घ्यायची वेळ आली. दुकानदाराने काउंटरवर डब्यांची रांग मांडली. जेएसबी मॅच, आरडब्ल्यूएसच्या दोन-तीन जाती, त्यातली आर-१० सगळ्यात महाग, एच अँड एनची फिनाले मॅच, चिनी क्वियांग युआन. डब्यावर लिहिलेलं: ४.४९, ४.५०, ४.५१. काहींवर ०.५३ ग्रॅम, काहींवर ०.४५. हलका छर्रा बहुतेक पिस्तूलवाले घेतात आणि जड रायफलवाले, इतकं पुतणीने आधीच शिकवून ठेवलं होतं. पण ४.४९ घ्यायचा की ४.५०? दुकानदार म्हणाला, "साहेब, सगळे आर-१० नेतात." हे उत्तर ऐकून मी फक्त तीन वेगवेगळे डबे घेतले आणि घरी आलो.

छर्रा नीट पाहिला आहे का कधी? तो डमरूसारखा असतो. पुढे सपाट डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ घेर. सपाट डोक्यामुळे कागदावर छिद्र कापल्यासारखं गोल पडतं, म्हणून गुण मोजायला सोपं. नळीच्या आतल्या पिळदार रेघांवर डोकं टेकतं आणि छर्रा मध्यावर राहतो. मागचा घेर पातळ शिशाचा. हवेचा दाब बसला की तो फुलून नळीच्या भिंतीला चिकटतो आणि मागची हवा पुढे निसटू देत नाही. म्हणजे एकाच एवढ्याशा तुकड्याची दोन कामं: डोक्याने दिशा धरायची, घेराने दाब धरायचा. डब्यावरचा ४.५० हा आकडा फक्त डोक्याचा. घेराबद्दल डब्यावर काहीच लिहिलेलं नसतं, आणि घेर तर बोटाच्या चिमटीतसुद्धा चेपतो.

हे कळल्यावर मला स्वस्थ बसवेना. शिसं इतकं मऊ की मायक्रोमीटर लावला तर मोजमापच चुकतं. रॅचेटची पहिली टिकटिक होईपर्यंत डोकं दबलेलं असतं. म्हणून परवानगी काढून, सुट्टीच्या दिवशी, आमच्या लॅबमधल्या प्रोफाइल प्रोजेक्टरवर छर्रे ठेवले. प्रोजेक्टर वस्तूला हात लावत नाही, तिची सावली मोठी करून दाखवतो. वीसपट मोठी केली की साडेचार मिलिमीटरचं डोकं पडद्यावर नऊ सेंटिमीटर होतं. माझ्या आयुष्यातली शिशाची ही पहिली तपासणी आणि ती मी अगदी मन लावून केली. चांगल्या डब्यांत डोक्यांचा व्यास आश्चर्य वाटावं इतका सारखा होता. क्लबच्या मोठ्या डब्यातल्या छर्‍यांत मात्र डोकी बरी होती पण घेर अंडाकृती झालेले, काहींच्या कडेला खोक. ओतताना, मुठीने काढताना, पोरांनी खिशात टाकताना झालेलं ते नुकसान. महागड्या छर्‍यांचं पॅकिंग काळजीपूर्वक का असतं ते तिथे पडद्यावर दिसलं.

मग वजन. एक मिलिग्रॅम दाखवणार्‍या काट्यावर छर्रे एकेक करून ठेवले. रेंजवर एक काका आहेत, ते दर रविवारी घरून छर्रे वजन करून, वेगवेगळ्या पुड्यांत बांधून आणतात. त्यांचा त्यावर गाढ विश्वास. मी गणित मांडून पाहिलं. दहा मीटर जायला छर्‍याला सहा शतांश सेकंद लागतो, तेवढ्या वेळात तो साधारण साडेसतरा मिलिमीटर खाली येतो. साइट लावताना, म्हणजे नेमाची जुळणी करताना, हे सगळं आपोआप जमेत धरलं जातं. आता एखादा छर्रा पाच मिलिग्रॅमने, म्हणजे सुमारे एक टक्क्याने जड निघाला, तर वेग अर्ध्या टक्क्याने कमी होतो आणि छर्रा पाव मिलिमीटरपेक्षाही कमी खाली लागतो. पूर्ण एक दशांशसुद्धा नाही. आणि चांगल्या डब्यात मला पाच मिलिग्रॅमचा फरक अगदी क्वचित दिसला. म्हणून मी वजन करणं सोडलं. काकांना कागद दाखवला. त्यांनी तो शांतपणे वाचला, घडी करून परत दिला आणि पुड्या बांधणं चालू ठेवलं. त्यांचा स्कोअर माझ्यापेक्षा चांगला आहे, त्यामुळे वाद घालायला मला जागा नव्हती. पण वजन करताना ते प्रत्येक छर्रा उजेडात धरून घेर तपासतात, आणि मला वाटतं त्यांना फायदा होतो तो त्या तपासणीचाच.

याच सुमारास टेक्सासमध्ये राहणार्‍या मावसभावाशी फोनवर बोलणं झालं. तिकडे तो काडतुसं स्वतः भरतो. उडालेलं पितळी कवच परत आकारात आणायचं, नवी टोपी बसवायची, दारू मोजून घालायची, वर गोळी बसवायची, असा तो छंद. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली दारूगोळा बनवायला परवाना लागतो, त्यामुळे घरबसल्या असलं काही करण्याचा प्रश्नच नाही. पण त्याने जे सांगितलं ते माझ्या फार कामाचं होतं. नव्याने सुरुवात करणारे दारू कोणती आणि पितळ कुठल्या कंपनीचं यावर खूप डोकं घालवतात, तो म्हणाला; खरी शिस्त म्हणजे पितळ एकाच लॉटचं, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेलं, वापरायचं, दारू कंपनीच्या पुस्तकातल्या खालच्या आकड्यापासून सुरू करून हळूहळू वर जायचं, आणि कागदावरचा ग्रुप, म्हणजे एकाच जागी नेम धरून मारलेल्या शॉटांचा पसारा, काय सांगतो ते ऐकायचं. दारूचा नवा डबा उघडला की तीच कंपनी, तेच नाव, तरी पुन्हा खालून सुरुवात. "तुझ्याकडे दारू नाही, पितळ नाही," तो म्हणाला, "तुझा सगळा भार एका छर्‍यावर." ऑलिम्पिकमधले पन्नास मीटरवाले तर काडतूस भरतही नाहीत, कारण त्यांच्या पॉइंट टू-टू रायफलीचं काडतूस पुन्हा भरताच येत नाही. म्हणून ते आपली रायफल घेऊन कारखान्याच्या टेस्ट रेंजवर जातात. एली कंपनीची बर्मिंगहॅमला आहे, लापुआ कंपनीची जर्मनीत शोनेबेकला. तिथे वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आपल्या नळीतून उडवून बघतात आणि जो लॉट जुळेल त्याच्या पेट्या उचलतात.

तिथेच माझा प्रोजेक्टर थांबला. मोजमापाने एवढंच कळतं की छर्रे एकमेकांसारखे आहेत की नाहीत. माझ्या नळीला ते मानवतात का, हे फक्त नळी सांगू शकते. दोन रायफली एकाच कारखान्यातून, एकाच वर्षी निघाल्या तरी त्यांच्या नळ्यांच्या आतले व्यास केसभर वेगळे असतात, आणि त्या केसभरात ४.४९ आणि ४.५० यांचा निकाल लागतो.

सरांना विचारलं, क्लॅम्प लावून टेस्ट करायची का? ते म्हणाले, "तुमच्या ग्रुपला अजून क्लॅम्पची गरज नाही. आधी श्वास आणि ट्रिगर." मला तेव्हा पटलं नाही. घरी येऊन तेही गणित मांडलं आणि सर बरोबर निघाले. दोन स्वतंत्र चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत; त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं. माझ्या हाताचा ग्रुप तेव्हा वीस मिलिमीटरचा. त्यात दीड मिलिमीटर पसरणारा उत्तम छर्रा घातला काय किंवा तीन मिलिमीटर पसरणारा साधा घातला काय, एकूण पसारा वीस आणि वर जेमतेम काही दशांश. साठ शॉटांच्या मॅचमध्ये फार तर एखादा गुण. तेच हाताचा ग्रुप सहा मिलिमीटरवर आला की साध्या आणि चांगल्या छर्‍यातला फरक साठ शॉटांत तीन-चार गुणांचा होतो, आणि राज्य स्पर्धेत तेवढ्यात कितीतरी नावं मागे-पुढे होतात.

म्हणून नवीन आलेल्या पालकांना मी आता आग्रहाने सांगतो: पहिल्या वर्षी महागडा डबा घेऊ नका. मध्यम किमतीचा, नावाजलेल्या कंपनीचा, ०.५३ ग्रॅमचा, सपाट डोक्याचा मॅच छर्रा घ्या, आकार ४.५०, आणि वर्षभर तोच ठेवा. दर महिन्याला कंपनी बदलणारं मूल स्वतःची चूक आणि छर्‍याची चूक वेगळी करू शकत नाही. वाचलेल्या पैशात चांगले शूटिंगचे बूट येतील, त्याने स्कोअर जास्त वाढेल. दुकानात "सगळे हेच नेतात" हे वाक्य ऐकून पालक मुकाट्याने पैसे मोजतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. हा खेळ आधीच महाग आहे, आणि कित्येक मुलं पैशापायी तो अर्ध्यावर सोडतात.

माझी टेस्ट झाली ती हात स्थिरावल्यावर. रेंज बंद झाल्यानंतर संध्याकाळी सरांनी लेन उघडी ठेवली. लाकडी दस्ता काढून नुसती नळी आणि तिची यंत्रणा व्हाइसमध्ये धरली. जबड्यांना मी कारखान्यातून मऊ तुकडे करून आणले होते, म्हणजे नळीवर वळ उठणार नाही आणि ती हलणारही नाही. व्हाइस ज्या टेबलावर बोल्ट केला होता त्यालाच पुतणीने चुकून टेका दिला तर पुढचा शॉट दोन मिलिमीटर बाजूला गेला. मग ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि वहीत नोंदी करू लागली.

यात घाई अजिबात चालत नाही. एका जातीचे छर्रे संपवून दुसर्‍या जातीचे सुरू केले की आधी काही शॉट मोजायचे नाहीत. आधीच्या शिशाचा थर नळीत असतो, नव्या छर्‍याला नळी सरावू द्यावी लागते. मग दहा शॉटांचा ग्रुप, एकाच ठिकाणी, नवा कागद. पाच शॉटांचा ग्रुप फसवतो. नशिबाने पाच जवळ पडतात आणि माणूस हुरळतो. एकाच लॉटचे असे तीन ग्रुप घेतल्याशिवाय मी वहीत निकाल लिहू दिला नाही. रायफलच्या हवेच्या सिलिंडरचा दाबही प्रत्येक वेळी पाहायचा, कारण दाब फार उतरला की वेग बदलतो आणि दोष छर्‍यावर येतो. छिद्राच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत व्हर्नियरने मोजायचं आणि छर्‍याचा व्यास वजा करायचा. राहतो तो खरा पसारा.

सगळ्यात महागडा डबा माझ्या नळीत अडीच मिलिमीटरच्या पुढे पसरला, आणि तेही तिन्ही ग्रुपमध्ये. त्याच कंपनीचा स्वस्त डबा त्याच्याहून बरा. जेएसबीचा ४.४९ ठीक. आणि जेएसबीचाच ४.५०, ज्याच्या मागच्या चिठ्ठीवर वेगळा लॉट नंबर होता, त्याचे दहाही छर्रे एकाच छिद्रातून गेल्यासारखे गेले. कागदावर एकच गोल, कडेला जरासा फाटलेला. पुतणीने तो कागद उजेडासमोर धरला आणि ओरडली, "काका, हे बघा!" मग तिची वॉल्थर रायफल व्हाइसमध्ये चढवली. तिच्या नळीने माझा लाडका लॉट साफ नाकारला आणि मला न जमलेला महागडा छर्रा आपलासा केला. म्हणजे दुकानदार खोटं बोलत नव्हता. ज्यांच्या नळ्यांना तो छर्रा मानवतो ते तोच नेणार. मी मात्र माझ्या डब्यावरचा लॉट नंबर लिहून घेतला आणि दुसर्‍या दिवशी दुकान उघडायच्या आधी दाराशी उभा राहिलो. त्याच्याकडे त्या लॉटचे जितके डबे होते तितके उचलले. एका डब्यात पाचशे छर्रे. सरावात साइट लावण्याचे शॉट धरून शंभराच्या आसपास जातात, म्हणजे डबा पाच दिवसांचा. हा हिशेब आधी केलेला असला की किती डबे घ्यायचे हे दुकानात उभं राहून ठरवावं लागत नाही.

ठेवण्याबद्दल दोन गोष्टी. ठाण्याच्या पावसाळ्यात सगळ्याला बुरशी येते, पण शिशाचा मोठा शत्रू म्हणजे लाकडाची आम्ल वाफ. बंद लाकडी कपाटात, तेही दमट हवेत, शिशावर पांढरी भुकटी धरते. ती छर्‍याचा आकार बिघडवते आणि विषारी असते. म्हणून डबे स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून, आणि ते उंचावर नकोत, कारण उंचावरून पडलेला डबा आतून निकामी होतो. पांढरे पडलेले छर्रे पुसून वापरू नका, बाजूला काढा.

आणि हात. रेंजवरून बाहेर पडलं की समोर वडापावची गाडी, मुलं सरळ तिकडे पळतात, बोटं शिशाने काळी झालेली. शिसं शरीरात साठतं, आणि वाढत्या वयातल्या मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. या बाबतीत मी कुणाची भीड ठेवत नाही. गाडीपाशी उभा राहून मी पोरांना परत नळावर पाठवलं आहे, साबणाने हात धुवून या म्हणून. छर्रे तोंडात धरून लोड करायची सवय कुणाला दिसली तर तिथल्या तिथे मोडा. छर्रे खिशात नकोत, उघड्या डब्याशेजारी पाण्याची बाटली नको.

माझ्या लॉटचे आता थोडेच डबे उरलेत. संपत आला की धावपळ करण्यापेक्षा निम्मे शिल्लक असतानाच नव्या लॉटचा एकेक डबा आणून टेस्ट लावायची, आणि जुन्याचा एक डबा सील न फोडता तुलनेसाठी राखून ठेवायचा. त्याच संध्याकाळी, त्याच व्हाइसवर, आधी जुना लॉट, मग नवा, मग पुन्हा जुना. जुन्याचे दोन्ही ग्रुप सारखे आले तरच नव्याच्या ग्रुपवर विश्वास ठेवायचा. डब्याच्या झाकणावर मी मार्करने तारीख, लॉट, रायफल आणि पसारा लिहितो. पुतणीचं झाकण निळं, माझं काळं, म्हणजे घाईत डबे बदलत नाहीत.